माइकवरचं माहेर

आमच्या मंडळाकडे दोन माइक आहेत आणि दोन्ही चालतात. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातल्याच एकानं केला.

मंडळ म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेत एका पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये दर शनिवारी जमणाऱ्या आम्ही काही बायका. खाली गिरणी चालू असते, त्यामुळे वर साधी चर्चाही भांडल्यासारखी करावी लागते, आणि घरी जाताना सगळ्यांच्या डोक्यावर पीठ बसलेलं असतं. बाहेरून आपल्या सांगली-साताऱ्याकडं आलेल्या बायकांसाठी आम्ही काम करतो. कुणी नेपाळची, कुणी आसामची, कुणी बंगालची. कुणी लग्न होऊन आलेली, कुणी कामाला आलेली. त्यांचं बँकेतलं खातं, दवाखाना, पोरांची शाळा आणि नवरा हात उचलत असेल तर नवऱ्याची शाळा. ह्या शेवटच्या कामाची मला विशेष गोडी आहे. ह्या सगळ्याला हल्ली सक्षमीकरण म्हणतात. आमच्या अध्यक्षबाई एका भाषणात हा शब्द किती वेळा वापरतात ते मी पूर्वी मोजायची, मग तो नाद सोडला.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, रिटायर झाले. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं विचारणारे एकेक करून वर गेले, त्यामुळे आता निवांत आहे. वडिलांनी बांधलेल्या घरात एकटी राहते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि लोकांचं काही चुकत नाही.

ती पोरगी मला पहिल्यांदा भेटली विट्याला. महिन्यातून एकदा आम्ही तिकडं बैठक घ्यायचो आणि आटपाडीच्या वाटेवरच्या एका गावातून ती एसटीनं यायची. त्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. कुठल्याही मोठ्या गावच्या सराफ बाजारात मागच्या बोळात शिरा, भट्टीपुढं घाम पुसत बसलेला एखादा आपल्याकडचा माणूस सापडतोच. तिचा नवरा असाच काठमांडूच्या एका दुकानात होता. तिथं दोघांचं जमलं, लग्न झालं. त्यानं तिला गावी आईजवळ आणून ठेवलं आणि स्वतः दुसऱ्या दुकानावर पार तमिळनाडूत निघून गेला.

आमच्यातल्या एकीनं तिला पहिल्याच दिवशी जपून जपून हिंदीत विचारलं, की आपको मराठी आती है क्या? पोरगी म्हणाली, "येती की. तुमची न्हाई येत, आमची येती." त्या दिवसापासून ती मला आवडली.

तिला दिवस गेले होते आणि तिचं मागणं एकच होतं. बाळंतपणाला तिला तिची आई जवळ हवी होती. खातं नको, शिलाई मशीन नको, आमची व्याख्यानं तर नकोतच.

"मग बोलाव की आईला," मी म्हटलं.

"आत्ती न्हाई म्हणत्यात."

आत्ती म्हणजे सासू. मी गावी जाऊन त्या सासूबाईंना भेटले. धनगराची बाई, नऊवारी नेसलेली, काटक. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, आता थोडी मेंढरं, चार शेरडं आणि डाळिंबाची बाग. त्यांनी मला चहा दिला, ताक दिलं, डाळिंबं बांधून दिली आणि नकार दिला. कारण होतं. शेजारच्या गावात एकाची बाहेरून आणलेली बायको होती, मूल झाल्यावर तिच्याकडची माणसं बघायला म्हणून आली आणि मुलासकट तिला घेऊन गेली, ती परत आलीच नाही. आता ती बाई का गेली असेल, तिला काय काय सोसावं लागलं असेल, हे मी विचारलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "ते मला काय ठावं न्हाई. पर नातवंड गेलं ते गेलंच की. माज्या दारात तिकडचं मानूस यायचं न्हाई."

मी सहजासहजी तिथून उठले नाही, बराच वाद घालून उठले, पण उपयोग शून्य.

मग आला संक्रांतीचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम. तो आम्ही मुद्दाम त्याच गावात, देवळापुढं मांडव घालून ठेवला. सासवा आणि सुना एकत्र याव्यात, ही अध्यक्षबाईंची कल्पना. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे होते. सक्षमीकरणाचा आणि डब्यांचा काय संबंध, असं मी विचारलं होतं, तर मलाच डब्यांवर मंडळाचं नाव चिकटवायला बसवलं.

अध्यक्षबाई माइकपुढं उभ्या राहिल्या. बाई मनानं खरंच चांगल्या, पण माइक दिसला की त्यांना आवरत नाही. "भगिनींनो," त्या म्हणाल्या, "तुमचं माहेर दूर असेल, डोंगराच्या पलीकडं असेल. पण आजपासून आम्हीच तुमचं माहेर!"

हे वाक्य त्या प्रत्येक भाषणात म्हणतात. ह्या वाक्याला टाळ्या हमखास पडतात आणि आजवर त्यापासून कुणाला कसलाही अपाय झालेला नव्हता. टाळ्या पडल्याही. त्या थांबल्यावर बायकांच्या मधून सासूबाई उठल्या.

"आवं बाई, माइकात म्हणला ते खरं न्हवं?"

"अगदी मनापासून!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग लय ब्येस झालं. आमच्या सुनंचं ह्ये पैलंच हाय. पैलं बाळंतपण म्हायेरी असतंय. कवा न्हेताय?"

मांडवात फक्त माइकची घूं घूं ऐकू यायला लागली. पहिलं बाळंतपण मुलीच्या माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज कुणाला माहीत नाही? आम्हाला माहीत होता. तो आमच्या वाक्यात बसलेला आहे, एवढंच आमच्या कधी लक्षात आलं नव्हतं. सासूबाईंच्या मागं ती पोरगी पोटावर पदर ओढून खाली मान घालून बसली होती. अध्यक्षबाईंनी इकडंतिकडं बघितलं. माइक चालू होता. "हो हो, नेऊ की!" त्या म्हणाल्या आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

परतीच्या जीपमध्ये विटा येईपर्यंत उरलेले डबे मोजून झाले. मग प्रश्न निघाला, की न्यायची कुणाच्या घरी?

अध्यक्षबाईंचं सासर पलूसकडं, उसाची बागायत, मोठा वाडा, माणसांचा राबता. पण त्यांचे यजमान लष्करातून रिटायर झालेले आणि घरात पाहुणा आणायचा तर त्यांना आधी कळवावं लागतं, आणि कळवल्यावर ते नाही म्हणतात. दुसरीच्या घरी सासूबाईंचं सोवळं. तिसरीच्या मुलाची बारावी. चौथी म्हणाली, "मी ह्यांना विचारून सांगते," आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बायकांना आपल्या पायावर उभं करायला निघालेल्या आम्ही, आमच्यातल्या एकीलाही नवऱ्याला किंवा सासूला विचारल्याशिवाय एक बाई घरात आणता येत नव्हती. मी हे जीपमध्ये मोठ्यानं बोलून दाखवलं. तिथं माझं चुकलं, कारण सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"तुमचं घर वडिलांचं ना?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "म्हणजे आपल्या सगळ्यांत खरंखुरं माहेर तुमचंच. बाकी सगळ्यांची सासरं आहेत."

 

तेव्हा शिदोरीचा डबा घेऊन तिला आणायला मीच गेले. माहेरचं कुणीतरी न्यायला आल्याशिवाय पाठवणार नाही, असा सासूबाईंचा निरोप होता. डब्यातल्या करंज्या विश्रामबागेतल्या दुकानातल्या होत्या. सासूबाईंनी एक करंजी फोडून आत बघितलं आणि डबा झाकला. मग बाजरी, तूप, खारीक-खोबरं आणि एक घोंगडं असं बोचकं माझ्यापुढं ठेवलं.

"माज्या पैल्या टायमाला कुनी न्यायाला आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "कऱ्हाडाच्या खालतीकडं मेंढरं बसली हुती. तितंच वाडग्यात झालं, मेंढरांच्या मधी. दुसऱ्या दिवशी तळ हालला, मी चालायला लागले. हिचं नीट हूं दे."

हे सांगताना त्यांचा आवाज जराही बदलला नाही. मग बोट उगारून म्हणाल्या, "पर तिची आई यायची न्हाई, सांगून ठिवते."

मी मान हलवली. नुसती मान हलवणं म्हणजे होकार नव्हे, असं माझं मत आहे.

एसटीत पोरगी माझ्या शेजारी बसली, पाय वर घेतले आणि गालात हसायला लागली. "बाई, आत्तीस्नी मीच सांगितलं. शेरडांची धार काडताना. म्हटलं, आत्ती, त्या बाया दर बारीला माइकात म्हणत्यात आमी म्हायेर म्हणून. खरं हाय का त्येंचं, का फुकटचंच बोलत्यात, बगा तरी इचारून."

मी चष्मा वर सरकवून तिच्याकडं बघितलं.

"आता म्हायेरात कुनाचं चालतं, बाई? सासूचं का म्हायेरच्यांचं?"

"माहेरच्यांचं."

"म्हंजी तुमचंच. मग बोलवा की माज्या आईला."

आम्ही जिला सक्षम करायला निघालो होतो तिनं मंडळाला, सासूला आणि मला एका वाक्यावर घोळात घेतलं होतं. मला राग यायला हवा होता. मी तिला तासगावला उतरून उसाचा रस पाजला.

नवऱ्याला फोन लावला, तर तो बिचारा पलीकडून कुजबुजत बोलायला लागला. त्याची आई तीनशे कोसांवर, तरी कुजबुजत. "बाई, तुमी काय करायचं ती करा. मला काय ठावं न्हाई असं समजा. फकस्त आईला माजं नाव सांगू नगा." पण गडी अगदीच वाया गेलेला नव्हता. काठमांडूच्या दुकानातला एक गाववाला सुट्टीवर येत होता, त्याच्याबरोबर आपल्या सासूला, म्हणजे पोरीच्या आईला, गाडीत बसवून देण्याची व्यवस्था त्यानंच केली.

आई मिरजेला उतरली ती लाल शाल पांघरून, दोन गाठोडी काखेत मारून. लहानखुरी, गोरी, माझ्याहून कितीतरी तरुण. लेकीला बघून ती फलाटावरच खाली बसली आणि लेकीचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन दाबायला लागली. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. दोघींपैकी कुणीही रडलं नाही. मी मात्र उगाच चष्मा पुसला.

घरी आल्यावर तिनं मला हात जोडले, स्वयंपाकघरात गेली आणि ते ताब्यात घेतलं. मी डिंकाचे लाडू वळत होते, म्हणजे वळायचा प्रयत्न करत होते. पाक बिघडून त्यांचे गोटे झाले होते. तिनं एक हातात घेऊन ओट्यावर आपटून बघितला, लाडू तसाच राहिला आणि ओट्याचा टवका उडाला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिला मराठी येत नव्हती, मला नेपाळी येत नव्हती, पण त्या लाडवाबद्दल आमचं एकमत झालं.

मुलगी झाली. दवाखान्यात नर्सनं बाहेर येऊन विचारलं, "मुलीच्या माहेरचं कोण आहे?" आम्ही दोघी एकदम उठलो, आणि मग मी खाली बसले. बसताना थोडं वाईट वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही.

सासूबाईंना फोन केला. "लेक झाली? लय ग्वाड झालं. औंधाच्या यमाईला बोलले हुते मी. पाचवी पुजायला येती," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पाचवी! बाळाच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते, तिची पूजा. मंडळाची तातडीची बैठक बसली. ठरलं असं, की सासूबाई नेहमीच्या दुपारच्या एसटीनं येतील, त्याआधी अध्यक्षबाई गाडी घेऊन येतील आणि आईला दिवसभरासाठी पलूसला उसात नेऊन ठेवतील. यजमानांना ह्या वेळी कळवायचंच नाही, असाही ठराव झाला. तो एकमतानं आणि मोठ्या जोशात झाला.

सासूबाई सकाळच्या एसटीनं आल्या. पुढच्या दारानं नाही, बोळातून सरळ परसात. तिथं उन्हात आई पाय लांब करून बसली होती, पायांवर नात, आणि मोहरीच्या तेलानं मालिश चालली होती. नेपाळात बाळाला तेच तेल लावतात, म्हणून तिनं बाटलीभर बरोबर आणलं होतं. त्या तेलानं माझ्या सगळ्या घराला लोणच्याच्या बरणीचा वास लागला होता.

"ह्या कोन?" सासूबाईंचा आवाज आला.

मी खिडकीतून बघितलं आणि तोंडाला येईल ते बोलले. "मालिशवाल्या बाई! ठेवल्यात."

सासूबाई समोर उकिडव्या बसल्या आणि तपासायला लागल्या. "हात बरा हाय बाईचा. पर त्याल कसलं ह्ये, लोणच्याचं? कुटल्या गावच्या वो तुमी?"

आई गोड हसली.

"मुक्या आहेत," मी खिडकीतून म्हटलं.

त्याच क्षणी मुकी बाई बाळाकडं बघून खड्या आवाजात नेपाळीत गाणं म्हणायला लागली.

मी आयुष्यभर प्रयोगशाळेत ॲसिडं हाताळली, पण असा घाम कधी फुटला नव्हता. एवढ्यात बाळंतीण आतून चौकट धरून बाहेर आली. डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा ओढलेला. "आत्ती," ती म्हणाली, "ती माजी आई हाय."

एवढंच. मंडळाचा ठराव, गाडी, ऊस, माझी मुकी बाई, सगळं त्या एका वाक्यापुढं बावळट दिसायला लागलं.

सासूबाईंनी आईच्या पायावरून नात उचलली, तेलानं माखलेली तशीच छातीशी धरली आणि परसाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसल्या. "न्हेताल आता हिला," त्या म्हणाल्या. "ठावं हुतं मला. न्हेताल."

माझं डोकं तापलं. मी बाहेर जाऊन कायद्याचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर पोरगीनं मला हातानं थांबवलं आणि हळूहळू चालत जाऊन सासूसमोर जमिनीवर बसली.

"आत्ती, मला जायाचं असतं तर तुमच्या दाराला कुलूप हुतं व्हय? शेरडं घिऊन रानात मी एकलीच जात हुते. रस्त्याला एसटी थांबती. गेले का मी? ज्येचं त्येला ठावं, ती शेजारच्या गावची का गेली. मी न्हाई गेले. मला आई पायजे हुती. तुमाला सांगितलं, तुमी न्हाई म्हणला. म्हणून हितं आले."

सासूबाई नातीकडं बघत राहिल्या. आई कावरीबावरी होऊन लेकीकडं, विहिणीकडं आणि माझ्याकडं बघत होती. तिला शब्द कळत नव्हते, पण कोपऱ्यातली बाई कशाला भ्यालीय ते कळलं असावं, कारण ती जागची उठली नाही. हातही पुढं केला नाही. तेल लागलेले हात मांडीवर उघडे ठेवून बसून राहिली.

हे किती वेळ चाललं असतं कोण जाणे. पण नातीला ह्या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं आजीच्या नव्या नऊवारीवर पिवळीधम्मक, भरपूर आणि आवाजासकट शी केली.

सासूबाईंनी खाली बघितलं. मग वर बघितलं, सरळ आईकडं. "ईहीणबाई," त्या म्हणाल्या, "फडकं द्या की एकांदं."

आईनं खांद्यावरचं फडकं काढून दिलं. ईहीण म्हणजे विहीण, हे तिला कुणी सांगायला लागलं नाही.

नंतर भांडण झालंच, पण ते वेगळं. सासूबाई म्हणाल्या, पाचवी आज. आई म्हणाली, तिच्याकडं सहाव्या दिवशी छैटी असते आणि नशीब लिहायला भावी नावाची देवी त्या दिवशी येते. मधे बसून पोरगी दोघींचं दोघींना सांगत होती, आणि दोन्हीकडचं जरा जरा गाळत होती, हे मला चेहऱ्यावरून कळत होतं. शेवटी दोन्ही दिवस करायचं ठरलं. एका दिवशी मोजमाप घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी ताडून बघावं, ही पद्धत प्रयोगशाळेत आम्हीही पाळायचो, त्यामुळे माझी हरकत नव्हती.

"पाटा आना," सासूबाई म्हणाल्या. पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात.

"माझ्याकडं मिक्सर आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं तशी नजर करंजी फोडल्यावरही नव्हती. मग मला आठवलं, की माझ्या आईचा पाटा परसात शेवंतीच्या कुंडीखाली आहे. आई गेल्यापासून तिथंच. कुंडी जड, माझ्यानं हलेना. दोघी विहिणींनी पदर खोचले, एकीनं इकडून आणि एकीनं तिकडून धरून कुंडी उचलली आणि खालचा चिखलानं माखलेला पाटा नळाखाली घेऊन घासायला बसल्या.

दुपारी अध्यक्षबाई गाडी घेऊन हजर. चवड्यांवर चालत आत आल्या आणि कुजबुजल्या, "कुठं आहेत त्या? चला लवकर, सासू यायच्या आत!" मी त्यांना परस दाखवला. त्यांनी दोघींना बघितलं, तोंडावर हात ठेवला आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांना बोलायला काही सुचलं नाही.

सव्वा महिन्यानं सासूबाई सुनेला न्यायला आल्या. नवरा सुट्टी काढून जीप घेऊन आला होता आणि अजून कुजबुजतच बोलत होता. आईही चार दिवस त्यांच्याबरोबर गावी जाणार होती, आणि मग तोच गाववाला तिला परत घरी पोचवणार होता. "ईहीणबाईस्नी डाळिंबं दावायची हाईत," असं सासूबाईंनी मला सांगितलं. दार ओलांडू न देणाऱ्या बाईनं.

मी ओटी भरायला घेतली. लेक सासरी पाठवायची माझी पहिलीच वेळ. मला कुणी कधी पाठवलं नव्हतं आणि मी कुणाला पाठवलं नव्हतं. खण, नारळ, तांदूळ. काय आधी घालायचं ते विसरले, तांदूळ सांडले. सासूबाई दोनदा चुकचुकल्या. पोरगी वाकून पाया पडली, आणि मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. घर रिकामं होणार म्हणून आलं, दुसरं काही कारण नाही. आईनं मला मिठी मारली. तिच्या अंगाला मोहरीच्या तेलाचा वास येत होता आणि मला तो आता मुळीच घाण वाटत नव्हता.

सगळे जीपमध्ये बसले. सासूबाई मात्र फाटकाशीच उभ्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. एवढी धीट बाई, पण माझ्याकडं बघेना.

"काय राहिलं का?" मी नाक पुसत विचारलं.

"न्हाई. इचारायचं हुतं येक." त्या जीपकडं पाठ करून हळू बोलल्या. "त्या बाई माइकात म्हणल्या, आमीच तुमचं म्हायेर. ते फकस्त नेपाळच्या बायास्नीच हाय, का आमाला बी चालतंय? माजं भाऊ गेलं. भावजया वळखत न्हाईत. वाडग्यात बाळंत झाले तवापासनं कुनी न्यायाला आलं न्हाई मला."

"नागपंचमीला न्यायला येते," मी म्हटलं. "मीच येते."

"शिदोरी?"

"आणते."

"दुकानातली नगं." त्या जीपमध्ये चढल्या, नात मांडीवर घेतली आणि गाडी सुरू झाल्यावर बाहेर डोकं काढून ओरडल्या, "आन् मिक्सरातली चटणी मी खात न्हाई! त्यो पाटा भाईर ठिवू नगा, आत घिऊन ठिवा!"

जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी परसात गेले. पाटा एकटीला उचलेना, म्हणून तो ओढत ओढत स्वयंपाकघरात नेला.